एक सेट मालेगावात

‘वीकेंडला कुठे?’ असं ऑफिसात कुणी विचारलं की लोणावळा, अलिबाग, फार तर दापोली अशी उत्तरं अपेक्षित असतात. मी म्हटलं, ‘मालेगाव.’ दोन सेकंद शांतता. मग पलीकडच्या क्युबिकलमधून काळजीचा आवाज, ‘का गं, घरी सगळं ठीक ना?’

सवय झालीय. मालेगाव म्हटलं की लोकांना २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट आठवतात. कुणी जरा सिनेमावेडा असेल तर ‘मालेगाव के शोले’ आठवतो, ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ही डॉक्युमेंटरी आठवते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र कॉलेजचं बास्केटबॉल ग्राउंड येतं आणि त्यावर चुन्यानं आखलेलं टेनिस कोर्ट. हो, टेनिस. मालेगावात!

निमित्त झालं एका मेसेजचं. जुलै २०२५ मध्ये जर्मनीत जागतिक विद्यापीठ स्पर्धा झाल्या. त्यात पुण्याच्या वैष्णवी आडकरनं टेनिसच्या महिला एकेरीत ब्राँझ मिळवलं. या स्पर्धांमध्ये भारताला टेनिसचं याआधीचं पदक मिळालं होतं १९७९ मध्ये, नंदन बाळ यांना. तेही पुण्याचेच. ही बातमी मला कुणी पाठवली? लेफ्टीनं. माझी कॉलेजातली डबल्स पार्टनर. सोबत एकच ओळ : ‘देख, युनिव्हर्सिटीवाल्या पोरीला मेडल! अपना क्या हुआ?’

त्यावर उत्तर द्यायला मला चार महिने लागले. नोव्हेंबरात शुक्रवारची रजा टाकली आणि गुरुवारी संध्याकाळी सीएसएमटीवरून पंचवटी पकडली. सोबत ऑफिसातली मैत्रीण, पक्की दादरकर. ‘बघू तरी तुझं मालेगाव’ म्हणाली. (घाबरलेली होती, पण ते कबूल करायची नाही.) पंचवटीत नाशिकची रोजची अप-डाउनवाली मंडळी असतात. पत्ते, चिवडा, कुणाचं तरी प्रमोशन... नाशिकला सगळा डबा रिकामा झाला. मनमाडला भाऊ गाडी घेऊन आला होता. तिथून चाळीसेक किलोमीटर.

‘झोप नंतर, आधी चहा,’ भाऊ म्हणाला आणि गाडी सरळ मोसम पुलावरून पलीकडे नेली. हा पूल समजला की मालेगाव निम्मं समजलं. मोसम नदी गावाच्या मधून जाते आणि पुढे गिरणेला मिळते. अलीकडे कॅम्प. इंग्रजांच्या छावणीवरून पडलेलं नाव, आमच्यासारखी मराठी, अहिराणी घरं, कॉलेज. पलीकडे जुनं गाव, बहुतेक मुस्लिम वस्ती, उर्दू पाट्या आणि लूम. लाखाहून जास्त पॉवरलूम आहेत इथं. बारा वाजता रात्री खटखट, खटखट, खटखट... अख्खी गल्ली थरथरत असते आणि हॉटेलात चहासाठी गर्दी, जणू संध्याकाळचे सात वाजलेत. दादरकरीण डोळे विस्फारून बघत होती. चहावाल्या चाचांनी विचारलं, कशासाठी आलात? मी म्हटलं, टेनिस खेळायला. ‘टेनिस? टेनिस बॉल की मॅच तो रोज होती है बेटा, पर वो लडके खेलते है!’ इथं टेनिस म्हणजे क्रिकेटच.

आमच्या वेळीही तेच होतं. म्हणजे २०१५. कॉलेजात मुलींची टेनिस टीम होती ती चौघींची. खरं सांगायचं तर आमच्या स्पोर्ट्सच्या सरांनी बॅडमिंटनमधून उरलेल्या चौघी पकडल्या होत्या. कोर्ट नव्हतंच. टेनिस कोर्टची लांबी पावणेचोवीस मीटर आणि बास्केटबॉलचं ग्राउंड अठ्ठावीस. सरांनी हिशेब केला, ‘बसतंय की!’ बसलं खरं, पण बेसलाइनच्या मागे जागा उरली जेमतेम दोन मीटर आणि तिथं बास्केटचा लोखंडी खांब. मोठ्या मॅचला मागे सहा मीटरच्या वर मोकळी जागा लागते. आम्ही मागे सरकूच शकत नव्हतो, त्यामुळे बॉल टप्पा पडला रे पडला की मारायचा. पुढे कोचिंगच्या व्हिडिओत बघितलं तर ‘बॉल लवकर घ्या’ हे फार मोठं तंत्र म्हणून सांगत होते. आमच्याकडे ते खांबानं शिकवलं.

लेफ्टी पुलापलीकडची. घरी बारा लूम, तीन भाऊ, अब्बांचा दमा. सलवार-कुर्ता, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ आणि डावखुरी सर्व्हिस जी कुणालाच कळायची नाही. पण टूर्नामेंट म्हणजे नाशिकला, कधी नगरला. मुक्काम करावा लागायचा. तिच्या घरून नाही. कॉलेजात सगळे म्हणायचे, ‘त्यांच्यात नाही पाठवत.’ मीही म्हणायचे. माझी आईसुद्धा मला मुक्कामाला पाठवायची नाही, पण त्याला आम्ही ‘शिस्त’ म्हणायचो.

मग सरांनी एक भारी गोष्ट केली. मुलींना बाहेर पाठवत नाहीत ना? मग मॅचेसच इथं आणू. त्यांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं यजमानपद मागून घेतलं. जेमतेम चार टीम आल्या. आदल्या रात्री पाऊस. सिमेंटवर पाणीच पाणी. सकाळी सहा वाजता लेफ्टीचा भाऊ सायकलवर पोतंभर लूमच्या चिंध्या घेऊन हजर! आम्ही गुडघ्यावर बसून कोर्ट पुसलं, पुन्हा चुना मारला. नाशिकच्या मुली ब्रँडेड बॅगा घेऊन उतरल्या आणि खांबाकडे बघतच राहिल्या.

फायनल त्यांच्याशीच. सटाण्याहून रोज एसटीनं येणारी आमची मैत्रीण पहिली सिंगल्स जिंकली, दुसरी मी हरले. एक-एक. आता डबल्स, आठ गेमचा एकच सेट. कठड्यावर निम्मं कॉलेज. जिंकलो तर पुढची फेरी पुण्यात. चेंज ओव्हरला लेफ्टी पाणी पीत म्हणाली, ‘जिंकलो तर पुण्याला जाणार कोण?’

आम्ही ८-६ नी हरलो. माझ्या आठवणीत शेवटचा पॉइंट स्पष्ट आहे. नेटजवळ अगदी सोपी व्हॉली, ती तिनं बाहेर मारली. दहा वर्षं मी ही गोष्ट सांगत आलेय. ऑफिसच्या पार्टीत, डेटवरसुद्धा. पुण्याला जाता येणार नाही म्हणून मॅच सोडून देणारी मालेगावची मुलगी... ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. शेजारच्या नगर जिल्ह्यात, श्रीरामपूरला जन्मलेली ऋतुजा भोसले आमच्याच वयाची. तेव्हा ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एमच्या टीमकडून खेळत होती. २०२३ मध्ये तिनं बोपण्णासोबत एशियाडचं गोल्ड मिळवलं, तेव्हा मी हीच गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली होती.

शुक्रवारी सकाळी लूम बंद. आठवड्याची सुट्टी. पुलापलीकडे इतकी शांतता की कान दुखतात. आम्ही तिघी चालत भुईकोट किल्ल्यापर्यंत गेलो. नाशिकची प्रसिद्ध घंटा ज्यांच्या नावानं ओळखतात, त्याच नारोशंकरांचा हा किल्ला, १७४० च्या आसपासचा. १८१८ मध्ये इथल्या अरब शिबंदीनं इंग्रजांना जवळजवळ महिनाभर झुंजवलं. लेफ्टी हे सगळं मैत्रिणीला तोंडपाठ सांगत होती. ती आता मुलींच्या शाळेत गणित शिकवते आणि ‘खेळाचं पण तूच बघ’ म्हणून तेही तिच्याच गळ्यात. चार वर्षांची मुलगी बोटाला.

कॉलेजच्या ग्राउंडवर पोचलो. खांब तिथंच! मी जरा भावुक होऊन मैत्रिणीला म्हणाले, ‘इथं हिनं ती व्हॉली सोडली होती.’

लेफ्टी थांबली. ‘कुठली व्हॉली?’

‘शेवटची. मुद्दाम.’

‘मुद्दाम?’ ती माझ्याकडे बघत राहिली. ‘पागल आहेस का? ती व्हॉली गेली कारण मी घाबरले. आणि ती शेवटची नव्हतीच. त्यावर थर्टी-फॉर्टी झालं. सर्व्हिस तुझी होती. पहिली खांबाला, दुसरी नेटमध्ये. डबल फॉल्ट! सटाणावालीला फोन लाव, तिला विचार.’

फोन लावायची गरज नव्हती. ती बोलत असतानाच मला खांबाचा तो ‘टण्ण’ आवाज आठवला.

‘आणि पुण्याचं म्हणशील,’ ती स्कार्फ आवळत म्हणाली, ‘तर अब्बांना मी मनवलं होतं. भाई सोबत येणार होता. तुझ्या आईचंच नक्की नव्हतं. म्हणून तर विचारलं, जाणार कोण.’

दादरकरीण इतकी हसली की खाली बसली. मी काय बोलणार? बॅगेतून रॅकेट काढली. एक माझी, एक भावाची, तारा सैल. नेटच्या जागी दोन खुर्च्यांना दुपट्टा बांधला. छत्तीस फूट पावलांनी मोजले. मुलगी खांबाजवळ बॉल घट्ट धरून उभी, द्यायलाच तयार नाही. शेवटी चॉकलेटवर सौदा झाला.

‘टाक सर्व्हिस,’ लेफ्टी पलीकडून ओरडली. ‘थर्टी-फॉर्टी. आणि दुसरी तरी आत टाक!’

पहिली खांबाला लागली.