अस्थींची वाट

मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर. नदीकाठाने थोडे अधिकच. एसटीने हे अंतर आम्ही कितीदा तरी कापले होते, पायी मात्र पौषातल्या त्या एकाच दिवशी. १३३८ साली गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबा मंगळवेढ्यात गाडले गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती वेचून नामदेवांनी पंढरीस नेली, असे परंपरा सांगते. वर्गात आम्ही हे एका वाक्यात सांगून मोकळे होत असू.

सरकोलीला माण भीमेस मिळते. तिथवर काळ्या रानात मालदांडी ज्वारी कणसावर आलेली. पुढे उसाने काठ असा गिळला आहे की पाणी ऐकू येई, दिसत नसे; आणि ते पाणीही उजनीतून सोडतील तेव्हाचे. वाळूउपशाच्या खड्ड्यांना वळसे घालता घालता खांद्यावरची शबनम जड झाली, तेव्हा कुठे त्या ओझ्याचा विचार मनात आला. नामदेवांनी ते एकट्याने वाहिले असेल, की वाटेत कुणी खांदा दिला असेल? आमच्या प्रश्नपत्रिकांत हे कधी आले नव्हते.

गोपाळपूर मागे टाकून दिवेलागणीला महाद्वारी पोहोचलो. नामदेवांची पायरी दारात. चोखोबांची समाधी समोर, बाहेर. मधले अंतर आमच्यातल्या एकाने पावलांनी मोजू पाहिले, गर्दीने मोजू दिले नाही. तेवढे अंतर जित्या माणसांना ओलांडता यावे म्हणून १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले होते.

आम्ही चपला काढल्या. कुठे उभे राहावे, हे काही वेळ सुचेना.