कळसूबाई, सासूबाई आणि माझी पँट

मैत्रिणींनो, तुमच्या कपाटात साड्या किती आहेत हे तुम्हांला तोंडपाठ असेल. माहेरची कुठली, डोहाळजेवणाची कुठली, कुठल्या साडीला जरीपाशी इस्त्रीचा डाग पडलाय, सगळं. पण डोंगराच्या वाटेवर, पावसाच्या सरीत, एसटीत चढता-उतरताना, निर्धास्तपणे पाय उचलता येईल असं एक तरी वस्त्र त्या कपाटात आहे का? माझ्या कपाटात नव्हतं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि तेरा वर्षांत मी पँट म्हणून काही घातलं नव्हतं. कुणी बंदी केली होती असंही नाही. विषयच कधी निघाला नाही!

तो निघाला तो एका अपघातामुळे. लहानसाच अपघात, पण अजून आठवला की पोटात गोळा येतो.

मी सिन्नरला एका शाळेत अर्धवेळ शिकवते. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आठवी-नववीच्या मुलींची सहल कळसूबाईला जायची ठरली. सोबत बाई हवीच. एकीचे गुडघे दुखत होते, एकीच्या घरी पाहुणे होते, आणि अर्धवेळ शिक्षिका म्हणजे उरलेला अर्धा वेळ रिकामीच, असा सगळ्यांचा ठाम समज असतो. त्यामुळे मी गेले. बाईंनी सलवार-कमीज आणि ओढणी घालावी, असा शाळेचा नियम. मी माझी सगळ्यांत ‘मोकळी’ सुती सलवार काढली, भरपूर घेराची. म्हटलं, चालायला बरी!

कळसूबाई तुम्हांला ठाऊक असेलच. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, 1646 मीटर, म्हणजे 5400 फूट. पायथ्याचं बारी गाव अकोले तालुक्यातलं. जिल्हा पूर्वी अहमदनगर म्हणायचे, 2024पासून अहिल्यानगर. आम्ही सिन्नरहून घोटीमार्गे गेलो. वाट मळलेली आहे, चुकायची भीती नाही, आणि जिथे उभा कातळ येतो तिथे लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. ऐकायला हे सोपं वाटतं.

पाऊस सुरू झाला आणि माझ्या सलवारीने पाणी प्यायला सुरुवात केली. ओलं सुती कापड किती जड होतं, हे आपल्याला चादर पिळताना कळतं. तेच इथे कमरेवर लटकलं होतं. नाडी ओली होऊन गाठ अशी बसली की सुटेना, पण सलवार मात्र खाली सरकत राहिली. पोटऱ्यांना कापड चिकटलं. ओढणी एकदा करवंदीच्या जाळीत अडकली, एकदा शिडीच्या कठड्यात. दुसऱ्या शिडीवर मी पाय वर टाकला तो माझ्याच सलवारीच्या काठावर. दोन पायऱ्या घसरले. माझ्या मागे नववीतली एक मुलगी होती. माझा बूट तिच्या हातावर पडला.

ती म्हणाली, “बाई, मला नाही लागलं.” बोट तर डोळ्यांदेखत सुजत होतं. तिला, आणखी चार जणींना घेऊन मी तिथूनच खाली उतरले. बोट मोडलं नव्हतं, आठवड्यात बरं झालं. पण तिने शिडी सोडली असती तर, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

घरी सांगितलं. आमचे हे म्हणाले, “पुढच्या वेळी जाऊच नकोस.” सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अगं, लुगडं नेसून गेली असतीस तर पडली नसतीस.”

मला राग आला, खोटं कशाला सांगू? पण सासूबाईंचं माहेर अकोल्याकडचं. लग्नाआधी नवरात्रात त्या देवीला गेलेल्या, नऊवारीत, डोक्यावर परडी घेऊन. मी विचारलं, “पाय अडकत नव्हता?” तर त्या उठल्या, पदर खोचला आणि ओट्यापुढे गुडघा छातीपर्यंत उचलून दाखवला. अडुसष्ट वर्षांची बाई! “काष्टा असतो ना. काय अडकणार?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नऊवारी म्हणजे तरी काय? दोन पाय वेगळे, मधून कापड मागे खोचलेलं, गुडघा मोकळा, काठ घोट्याच्या वर. डोंगरातल्या बाया सरपणाची मोळी घेऊन उतरतात त्या उगाच नाही. आपण पाचवारी आणि सलवारीकडे वळलो आणि ती सोय हरवून बसलो. आता मला काही रोजचं लुगडं नेसता येत नाही. मंगळागौरीला नेसते तेही शिवलेलं! म्हणून पँट.

नाशिकला दुकानात गेले. विक्रेत्या मुलीने आधी जीन्स काढली. दिसायला छान. पण जीन्सचा जन्म मजुरांच्या दणकट पँटीतला. खिसे उसवू नयेत म्हणून त्यांना तांब्याच्या खिळ्या ठोकायच्या युक्तीचं पेटंट अमेरिकेत 1873 साली घेतलं गेलं. कापड जाड, घट्ट विणीचं, आणि सुतीच. म्हणजे माझ्या सलवारीचीच थोरली बहीण: भिजली की जड, वाळायला दोन दिवस, आणि ओल्या जाड शिवणी मांड्यांना घासून कातडी सोलवटणार. मग तिने लेगिंग्ज दाखवल्या. त्या वाकतात, ताणतात, सगळं खरं. पण काटा लागला की भोक, दगडावर बसलं की झिरझिरीत, आणि खिसा नाही. तिसरी होती ती कडक चकचकीत कापडाची, चालताना फसफस आवाज करणारी, आणि वारा न लागणारी. आतल्या आत घामाने भिजायचं असेल तर पावसात भिजलेलं काय वाईट?

मी पुरुषांच्या विभागातही डोकावले. काय ते खिसे! आमच्या ह्यांच्या एका खिशात माझी अख्खी पर्स मावते. पण ती पँट आपल्याला कमरेत होते तेव्हा नितंबांवर होत नाही, आणि तिथे झाली तर कंबर ढगळ. बायकांच्या पँटीला मात्र खिशाच्या जागी नुसती शिवण घालून आपल्याला फसवलेलं असतं. असं का करतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

शेवटी मिळाली ती नायलॉनची, थोडी ताणणारी, पातळ पण गच्च विणीची, मातकट करड्या रंगाची. घेताना मी काय पाहिलं ते सांगते, कारण माझे दोन फेरे आणि तीन दुकानं त्यात गेली आहेत.

कपडे घालून पाहायच्या खोलीत नुसतं आरशासमोर उभं राहू नका. उकिडव्या बसा, पूर्ण, भाजी निवडायला बसतो तशा. मागून कंबर उघडी पडते का? गुडघ्यावर कापड ताणतं का? मग स्टुलावर एक पाय ठेवा आणि गुडघा छातीकडे न्या. तिथेच अडलं, तर शिडीवर अडणारच. मी दुकानातल्या त्या लहानशा खोलीत हे सगळं केलं. बाहेरून मुलीने दोनदा विचारलं, “मॅडम, बऱ्या आहात ना?”

दोन पाय जुळतात तिथे चार शिवणी एका ठिकाणी येऊन ठेपत असतील, तर ती जागा आधी उसवते आणि आधी टोचते. चांगल्या पँटीत तिथे जास्तीचा तुकडा घातलेला असतो, आपल्या जुन्या लेंग्यांना असायचा तसा. नसला तर आपल्या शिंप्याकडून घालून घेता येतो. कंबर पोटावर रुतू नये. मागे रुंद इलॅस्टिक आणि आत नाडी, ही जोडी मला सगळ्यांत बरी वाटली, कारण जेवणाआधीचं पोट आणि पिठलं-भाकरीनंतरचं पोट एक नसतं. पाठपिशवीचा पट्टा कमरेवर येतो, म्हणून तिथे जाड बक्कल किंवा गाठ नको. लांबी घोट्याच्या हाडापर्यंत, आणि खाली आवळायला दोरी. माझा सगळा अपघात त्या दोन बोटं जास्तीच्या लांबीचा!

आता एक नाजूक गोष्ट, पण आपल्याआपल्यात बोलायला काय हरकत आहे? डोंगरावर आडोशाला जावं लागतं. गुंडी, हूक, चेन, वर पट्टा, असा सरंजाम असेल तर थंडीत बोटं चालत नाहीत. पटकन खाली, पटकन वर, अशी कंबर हवी, आणि वरून गुडघ्यापर्यंतचा कुर्ता. कुर्त्याला बाजूने लांब चिरा असाव्यात म्हणजे पाय अडत नाही. पाळीच्या दिवसांत गडद रंगासारखा आधार नाही, हे वेगळं सांगायला नकोच. उन्हात मात्र काळा तापतो, म्हणून करडा किंवा मातकट.

पँट घरी आणली, तर सासूबाईंनी तिची परीक्षा घेतली. एक पाय बादलीत बुडवला, पिळला आणि रात्री स्वयंपाकघरात दोरीवर टाकला. शेजारी माझी ती सुती सलवार तशीच भिजवून. सकाळी चहाच्या वेळेला पँट कोरडी, आणि सलवारीच्या नेफ्यातून अजून गार ओल हाताला लागत होती. त्यांनी पुन्हा एकदा कापड चिमटीत धरून पाहिलं. म्हणाल्या, “चुलीपासून लांब राहा हो, हे वितळतं.” ते मात्र अगदी खरं. शेकोटीची ठिणगी नायलॉनला भोक पाडते.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात आम्ही घरचेच गेलो. हे, मुलगा, मी, आणि बारीपर्यंत सासूबाई. त्यांनी देवीची ओटी माझ्याकडे दिली. नारळ पिशवीत, आणि पैसे माझ्या पँटीच्या चेनच्या खिशात! तेरा वर्षांत पहिल्यांदा मी “अहो, जरा पैसे धरा” म्हटलं नाही.

पावसाळ्यानंतर डोंगरावर कुसळी गवत पिकलेलं असतं. ह्यांचे लोकरी मोजे कुसळांनी भरले, मुलाची विजारही. माझ्या गुळगुळीत कापडावरून बहुतेक कुसळं घसरून गेली. ह्यांनी दर अर्ध्या तासाने बसून मोजे निवडले आणि मी, कधी नव्हे ते, पुढे जाऊन वाट पाहिली.

चढताना मुलाला मी कळसूची कथा सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर. पायथ्याच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली ती एका अटीवर: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. एके दिवशी घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला लावलंच. तिने मुकाट्याने केलं आणि तडक डोंगर चढून गेली, ती कायमची. जिथे भांडी घासली ते थाळेमेळ, आणि केर टाकला तो काळदरा, अशी नावं सांगतात. मुलगा म्हणाला, “आई, तू तर रोजच घासतेस.” ह्यांना एकदम ठसका लागला.

दुसरी शिडी आली तेव्हा मात्र मी थांबले. पायऱ्या कोरड्या होत्या, ऊन होतं, तरी तळहात घामेजले. मुलाला मी माझ्या पुढे घातलं. मागे कुणी नको होतं मला. मग पाय उचलला. कापड गुडघ्यावर जरा ताणलं आणि मोकळं झालं; काही अडकलं नाही. वर पोचून मी मागे वळून त्या पायरीकडे पाहिलं. किती साधी पायरी ती!

शिखरावर शेंदरी रंगाचं छोटंसं देऊळ. वारा असा की ओटीचा खण हातात धरवेना. एका अंगाला अलंग, मदन, कुलंग. दुसरीकडे रतनगड, लांबवर हरिश्चंद्रगड, आणि मध्ये भंडारदऱ्याचं पाणी उन्हात कथलासारखं. 1926 साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाने अडवलेलं प्रवरेचं हे पाणी. उतरायला आम्हांला चढण्यापेक्षा जास्त त्रास झाला. गुडघ्यांना तर पँटचाही इलाज नाही.

घरी आल्यावर धुण्याचंही सांगते. असली पँट उलटी करून, चेन लावून, साध्या साबणाने गार पाण्यात धुवा. कपडे मऊ करायचं ते सुगंधी औषध घालू नका. घाम शोषून वाळायचा गुण त्याने कमी होतो. वाळवा सावलीत. इस्त्री नकोच.

आणि महाग वाटली तर शिवून घ्या. जपानच्या जुन्को ताबेई, एव्हरेस्टवर पोचलेली पहिली स्त्री, 16 मे 1975. मोहिमेला पैसे कमी म्हणून तिने जुन्या पडद्यांच्या पँटी आणि गाडीच्या खोळीचे हातमोजे शिवले होते, असं वाचल्यापासून मी आमच्या दिवाणखान्यातल्या पडद्यांकडे वेगळ्या नजरेने पाहते.

या डिसेंबरात मुलींची सहल पुन्हा कळसूबाईला आहे. सोबतीला मीच. त्या मुलीची धाकटी बहीण आता आठवीत आहे, तीही येणार आहे. डोंगरावरच्या सहलीत शिक्षिकांना पँट आणि लांब कुर्ता घालू द्यावा, असा अर्ज मी शाळेत दिलाय. दोन ओळींत कारणही लिहिलंय, त्या बोटाचं. तीन आठवडे झाले, अजून उत्तर नाही. पँट मात्र धुऊन, घडी करून, साड्यांच्या खणात वरच ठेवली आहे.