चिखलीच्या शिवारातील वारूळ

बुलढाण्याहून मेहकरकडे जाणाऱ्या सडकेवर चिखली लागते. येथे उतरणारा प्रवासी बहुधा रेणुकादेवीचे दर्शन घेऊन पुढची मोटार गाठतो. आम्ही मात्र शिवाराकडे वळलो. कपाशीची वेचणी संपून पऱ्हाट्या वाळत होत्या, आणि बांधावरील कडुनिंबाशी कमरेएवढे वारूळ उभे होते.

वारूळ म्हटले की आपणांस नागपंचमी आठवते. पण ते नागाचे नव्हे, वाळवीचे बांधकाम होय. वाळवीही मुंगी नव्हेच. शास्त्रज्ञ तिला झुरळाच्या कुळात घालतात. एका पऱ्हाटीवर मातीचा पातळ लेप होता. तो नखाने उकरताच आतील कामकरी मंडळी अंधाराकडे धावली. शेजारच्या हिरव्या हरभऱ्यास मात्र कोणी शिवले नव्हते.

ही निवड केवळ स्वतःच्या जिभेची नव्हे. वाळलेले काष्ठ गिळून अर्धवट पचवून वाळवी वारुळात त्याचे सच्छिद्र पोळे रचते. त्यावर बुरशी वाढते, ती काष्ठ मऊ करते, आणि जुने झालेले पोळे वाळवी खाते. पावसाळ्यात वारुळावर छत्रीसारखी अळंबी उगवते, ती याच बुरशीची.

अमेरिका खंडातील पाने कापणाऱ्या मुंग्याही अशीच शेती करतात, पण हिरव्या पाल्यावर. पाला बुरशीच्या खताकरिता नेला जातो, हे थॉमस बेल्ट या इंग्रज खाण-अभियंत्याने निकाराग्वात पाहून १८७४ साली लिहिले. त्यांची पिले त्या बुरशीवरच पोसतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर फारच मनोरंजक आहे. संत्र्याच्या सालींत बुरशीनाशक मिसळले. मुंग्यांस ते कळले नाही, त्यांनी साली आनंदाने नेल्या. पुढे बागेतील बुरशी आजारताच त्यांनी साली नाकारल्या, आणि मग निर्मळ सालीकडेही कित्येक आठवडे ढुंकून पाहिले नाही! बुरशीकडून काही रासायनिक सूचना मिळत असावी, असा विद्वानांचा तर्क आहे. घरातील आजाऱ्याने न पचलेला पदार्थ गृहिणीने वर्ज्य करावा, तसेच हे झाले.

आमची ही चर्चा शेताचा वृद्ध धनी ऐकत होता. कोरड्या वर्षी, पाऊस ओढ देतो तेव्हा, वाळवी सुकत चाललेल्या उभ्या पिकाच्या मुळांस लागते, हे त्यास शिकविण्याचे कारण नव्हते. तो एवढेच म्हणाला, "पाणी आहे तोवर ती पऱ्हाटी खाते, दादा. पाणी गेलं, की आमचं खाते."