सतत बोला, असं मी आता सांगत नाही

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून बसवलेलं ऐकण्याचं मशीन, मिळालेल्या मुलांना बोलतं करणं हा माझा रोजचा धंदा. मशीन सुरू झालं की आईबापांचा प्रश्न ठरलेला, ‘आता कधी बोलेल?’ माझं उत्तरही ठरलेलं असायचं: ‘तुम्ही जेवढं बोलाल, तेवढं. कणीक मळताना बोला, कपडे वाळत घालताना बोला, एसटीत बोला. तोंड बंद ठेवायचं नाही.’ ऐकल्याशिवाय भाषा येत नाही आणि या मुलांचं ऐकणंच दोन-तीन वर्षं उशिरा सुरू होतं. एवढा अनुशेष भरायचा तर शब्दांचा मारा हवा, हे गणित मला चोख वाटायचं.

त्यामुळे गप्प बापांवर माझा राग. हायवेलगत पंक्चरचं दुकान चालवणारे एक गृहस्थ ‘हो मॅडम’च्या पुढे जायचे नाहीत. बायको उलट. चित्रांची कार्डं घेऊन पोरीच्या मागे. ‘हे काय? सांग. गाय. म्हण गाय!’ पोरगी खिडकीबाहेर बघत असायची.

पुढे माझीच गाडी त्या दुकानावर थांबली. ते घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून फिरवत होते, पोरगी शेजारी उकिडवी. बुडबुडे आले. तिने बोट दाखवलं आणि बापाकडे पाहिलं. त्यांनी हात तसाच पाण्यात ठेवला आणि वाट बघितली. ‘अवा,’ ती म्हणाली. ‘हवा! हवा चालली,’ ते म्हणाले, आणि पुन्हा गप्प. ‘अवा ताल्ली.’ ‘चालली ना! इथनं चालली बघ.’ मग तिनेच ट्यूब दाबून पाहिली. कॉम्प्रेसर सुरू झाला तेव्हा ते थांबले, बंद झाल्यावर बोलले. गोंगाटात इम्प्लांटला बोलणं नीट वेगळं काढता येत नाही, हे शिकलेल्या पालकांना सांगून मी थकते.

एका पंक्चरवरून मत बदलणाऱ्यांतली मी नाही. पण त्याच सुमारास अमेरिकेतल्या ॲलेक्झांड्रा क्विटनर आणि सहकाऱ्यांचा २०१३ सालचा अभ्यास नीट वाचला. इम्प्लांट झालेली १८८ मुलं, आयांबरोबर खेळतानाचे त्यांचे व्हिडिओ आणि चार वर्षांचा पाठपुरावा. मुलाचं लक्ष कुठे आहे ते ओळखून त्याच्या कलाने प्रतिसाद देणाऱ्या आयांची मुलं भाषेत पुढे गेली. हा परिणाम साधारण ऑपरेशन लवकर होण्याच्या परिणामाइतकाच होता. मला खटकलं ते पुढचं: आईने भाषेचा भरपूर खुराक दिला तरी तो लागू पडला तिच्या वागण्यात ही जाण होती तिथेच.

विचार केला तर कारण समोरच आहे. निरोगी कानातल्या हजारो पेशींचं काम इथे मशीनच्या प्रकारानुसार १२ ते २२ इलेक्ट्रोड करतात. आवाज पोचतो, पण कोंड्यासकट. अर्थ मूल समोरच्या प्रसंगावरून लावतं. बुडबुडे बघत असताना ‘हवा’ कानावर पडलं तर ते रुजतं. खिडकीबाहेर बघत असताना ‘गाय’ नुसतं आदळतं.

आता मी वाट बघायला शिकवते. मुलाने काही केलं की मनात पाच अंक मोजा, मग बोला. बोबडा शब्द आला तर ‘असं नाही, नीट म्हण’ नको. तोच शब्द पूर्ण वाक्यात परत द्या. आयांना हे सतत बोलण्यापेक्षा अवघड जातं.

एक धास्ती मात्र आहे. अभ्यास आयांवर झाला, म्हणून खापरही आयांवर फुटतं. ‘ऑपरेशन सरकारने करून दिलं, हिलाच जमत नाही,’ हे सासूचं वाक्य मी माझ्याच खोलीत ऐकलंय. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून इम्प्लांट मिळतं, वांद्र्याची अलीयावर जंग संस्था ते काम बघते, सगळं खरं. पण थेरपीला यायचं म्हणजे एक रोज बुडतो. वर शेत, म्हशी, धाकटं मूल. अशा बाईला ‘मुलाच्या कलाने घ्या’ म्हणताना मलाच अवघडल्यासारखं होतं.

म्हणून घरचा अभ्यास आता शब्दांची यादी नसतो. घरातला छोटासा व्हिडिओ मागवते, एकदा आईसोबतचा, एकदा बापासोबतचा. बापांचे कमी येतात.