मस्तगड : गढीची झाली कचेरी

मराठवाड्यात गावोगावी गढ्या होत्या. मालक गेले, बुरूज ढासळले आणि बहुतेक गढ्यांचे मातीचे ढिगारे उरले. जालना शहरातली मस्तगडची गढी मात्र टिकली. बांधकाम भक्कम होते, हे खरेच. पण आम्हाला वाटते, त्याहून मोठे कारण हे की तिला काळाप्रमाणे नवे काम मिळत गेले.

1724 साली साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिझ खानाचा पराभव करून निजामुल्मुल्क आसफजाह यांनी दख्खनमध्ये पाय रोवले. पुढच्याच वर्षी त्यांच्या हुकुमावरून काबिल खान यांनी जालन्याचा किल्ला व आतली ही गढी बांधली. चौकोनी किल्ला, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज आणि आत एक नवलाची विहीर! तिच्या पोटातच दालने आणि सज्जे कोरलेले आहेत.

2 सप्टेंबर 1803 रोजी कर्नल स्टीव्हन्सनच्या इंग्रज फौजेने जालना घेतले. तीन आठवड्यांनी याच जिल्ह्यात असईची मोठी लढाई झाली. पुढे लढायांचे दिवस सरले आणि गढीत नगरपालिकेची कचेरी आली. लष्करासाठी बांधलेल्या भिंतींच्या आत लोक घरपट्टी भरायला, दाखले घ्यायला येऊ लागले. सत्तेची जागा रयतेच्या कामाची झाली.

जालन्याची काली मशीदही हेच सांगते. 1578 साली जमशेद खान यांनी ती बांधली. सोबत हमाम आणि सराई. मोती तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांत आणले, तेही त्यांनीच. नमाजीची, मुसाफिराची, तहानलेल्याची, सगळ्यांची सोय झाली. लोकांच्या उपयोगाची वास्तू लोकच सांभाळतात.

मात्र वापराने भिंती वाचतात, आठवण वाचत नाही. कचेरीत कागद घेऊन येणाऱ्या किती जणांना काबिल खान ठाऊक असतील? किल्ल्याच्या बांधकामाची तारीख सांगणारा लेख फारसीत आहे. आपल्या घरात उर्दू शिकणारी मुले आहेत. ती लिपी त्यांना परकी नाही. फारसीचा अर्थ लगेच लागणार नाही, पण नाव आणि सन ती नक्की ओळखतील. आणि तेच मराठीत शेजारच्या मित्राला सांगतील.

आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून पालकांना एवढीच विनंती : येत्या सुट्टीत मुलांना एकदा जालना दाखवा. दोन भाषा येणाऱ्या मुलांवर या आठवणीची जबाबदारी थोडी जास्तच आहे.