आष्ट्याकडची एक खेप

पुणे-बेंगळूरु हमरस्त्यावर पेठनाक्याला उतरले आणि पूर्वेकडे वळले, की आमचा मुलूख सुरू होतो. इस्लामपूर, म्हणजे आताचे ईश्वरपूर, मग आष्टा, मग तुंग, कसबे डिग्रज आणि शेवटी कृष्णेच्या काठची सांगली. सारा मिळून चाळीसेक किलोमीटरांचा रस्ता. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर ऊस, द्राक्षे, हळद. ही जमीन पिकाला जेवढी धार्जिणी तेवढीच रस्त्याला वैरी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचे डांबर आपोआप उचलून देते. राहिलेले काम नोव्हेंबर ते मार्च उसाच्या गाड्या करतात.

मी नोकरीनिमित्त पुण्यास असतो. पण अण्णांचा निरोप आला, "तोड आलीया, दोन दिस येऊन जा," की रजा टाकून निघतो. हंगामात घरचा ऊस जाताना आपण बांधावर नसावे, हे काही मनाला पटत नाही. यंदा जानेवारीत गेलो. एसटीच्या खिडकीतून मोजीत होतो; पेठनाक्यापासून आष्ट्यापर्यंत उसाची सत्तावीस वाहने भेटली. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रक, टायरच्या बैलगाड्या. दोन्ही बाजूंना ऊस असा बाहेर आलेला, की समोरून येणाऱ्या सायकलवाल्याने खाली उतरूनच उभे राहावे. कायद्याने गाडीची रुंदी अडीच मीटरांच्या थोडी वर, २.६ मीटरपर्यंत चालते. उसाची गाडी पाहून तो आकडा कोणाला आठवत असेल असे वाटत नाही.

शेतात पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. बीडकडची टोळी, बारा कोयते. वाचकांस ठाऊकच आहे, एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते, म्हणजे बारा कोयत्यांचा वीस-बावीस टन झाला. टोळीला एक ट्रक ठरलेला असतो. बाया डोक्यावर मोळी घेऊन लाकडी शिडीवरून हौद्यात चढत होत्या. मोळी तीस-चाळीस किलोंची, शिडी हलती, आणि खाली एकीचे लेकरू वाढ्यांच्या ढिगावर झोपलेले.

अण्णांचा सव्वा एकर होता, पन्नासेक टन. ट्रक दहाचाकी, जुना. नोंदणी पुस्तकात माल धरून एकूण वजन २५ टन लिहिलेले. (जुलै २०१८ मध्ये सरकारने ही मर्यादा वाढवली. नव्या दहाचाकीला साडेअठ्ठावीस टन चालतात. पण ज्या गाडीच्या पुस्तकात जे लिहिले ते तिचे.) रिकाम्या गाडीचे वजन ९ टन ६०० किलो. म्हणजे ऊस भरायचा तो १५ टनांच्या थोडा वर. हौदा तर केव्हाच भरला होता आणि त्याच्यावर आणखी पुरुषभर ऊस रचला जात होता.

"मामा, जास्त होतंय हो," मी ड्रायव्हरला म्हटले.

"मास्तर, पंधरा टन घेऊन गेलो तर डिझेलचं पैसं निघत न्हाईत. भाडं टनावर हाय."

मुकादमाचेही तेच. त्याची मजुरी टनावर. कारखान्याला रोजचे गाळप पुरे पडायला हवे. अण्णांना तर तोडलेला ऊस रानात पडू द्यायचा नव्हता, कारण तुटलेला ऊस रात्रभर पडला की वजन घटते, उतारा घटतो. म्हणजे त्या बांधावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला गाडी जास्त भरायला एकेक चांगले कारण होते. वाईट माणूस एकही नव्हता. टोळीचे कोयतेसुद्धा बारा का, तर ते वीस टनांच्या गाडीच्या हिशेबाने बांधलेले!

मी केबिनमध्ये बसून कारखान्यापर्यंत जायचे ठरवले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, थंडी हाय, कांबळं घ्या. आणि आपल्या पाणंदीच्या तोंडाला जपून."

ते सांगण्याला कारण होते. मागल्या हंगामात त्याच तोंडाला एका ट्रॉलीचा आस तुटला. ट्रॅक्टरवाला ट्रॉली रस्त्यातच सोडून जोडकाम करणारा आणायला गेला. मागे दिवा नाही, परावर्तक म्हणावे तर तो पाचटाखाली झाकलेला. शेजारच्यांचा मुलगा दुधाच्या किटल्या घालून मोटारसायकलवरून आला तो सरळ आत घुसला. जीव वाचला, उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तो आता घरासमोर किराणा दुकान चालवतो. आम्ही निघालो तेव्हा दुकानात दिवा होता. त्याने ट्रककडे पाहिले, काही बोलला नाही.

पाणंदीतून गाडी अशी झुलत चालली, की मला बोटीची आठवण झाली. मागे भार जास्त झाला की पुढचे टोक हलके होते आणि सुकाणू हातात येईनासे होते, हे मामांनीच सांगितले. ओढ्याच्या पुलाशी उतार आहे. तिथे समोरून एसटी आली. मामांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. मंदावली, पण थांबली नाही. पुढे सरकत, करकरत, पुलाच्या कठड्याशी हातभर अंतरावर उभी राहिली. क्लीनर उडी टाकून चाकाखाली दगड लावायला धावला. एसटीवाल्याने मागे घेतली. मामा बिडी पेटवीत म्हणाले, "हे रोजचंच हाय." त्यांचा हात मात्र कापत होता.

त्या रस्त्याचे काय होत असेल? १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा या गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून दोन वर्षे ट्रक फिरवले होते. त्यातून निघालेला नियम आजही इंजिनियर धरून चालतात. आसावरचा भार वाढतो त्याच्या चौथ्या घातानुसार रस्त्याचे नुकसान वाढते. सोपे करून सांगायचे तर भार दहावरून बारा टन झाला, तर नुकसान सव्वापट नव्हे, दुप्पट होते. दीडपट भार झाला तर पाचपट. आणि ग्रामीण रस्ता बांधलेला असतो हलक्या वाहतुकीच्या हिशेबाने. तो फुटला की वर्षभर त्याच खड्ड्यांतून आपलीच बाळंतीण दवाखान्यात जाते.

कारखान्याच्या आवारात नंबर लागायला पहाटेचे तीन झाले. शेकोट्या, चहाच्या टपऱ्या, मळीचा वास. काट्यावर गाडी चढली. भरलेले वजन ३१ टन १२० किलो. यंत्रातून चिठ्ठी निघाली, शिक्का बसला. मी ती चिठ्ठी बराच वेळ हातात धरून होतो. २५ टनांची गाडी ३१ टन घेऊन आली, याचा छापील पुरावा रोज रात्री शेकड्यांनी निघतो आणि फायलीत जातो. काटा नीट मारतो की नाही यावर आपण भांडतो, आणि ते भांडलेच पाहिजे. पण त्याच चिठ्ठीवरचा दुसरा आकडा कोणी वाचत नाही.

कायदा मवाळ नाही. मोटार वाहन कायद्याचे १९४ वे कलम २०१९ मध्ये कडक झाले. जादा भाराला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. त्या रात्रीच्या आमच्या खेपेचा हिशेब बत्तीस हजार होतो. वजन करायला गाडी थांबवली नाही तर चाळीस हजार. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घेण्याचा अधिकार असतो, आणि दंड फक्त हाकणाऱ्याला नाही, गाडी तशी चालवू देणाऱ्यालाही आहे. पूर्वी काही राज्ये पैसे भरून घेऊन जादा भाराचे परवाने देत असत. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चाल बेकायदा ठरवली. पण रात्री अडीच वाजता आमच्या ओढ्यावर कोण उभा असणार?

सकाळी घरी येऊन अण्णांना पुलाची हकीकत सांगितली. ते भाकरी खाता खाता थांबले. साडेअठ्ठावीस टन ऊस अजून उभा होता. दीड खेप म्हणायची की दोन?

"दोन," वहिनी आतून म्हणाल्या.

मग मामांशी बोलणे झाले. कारखाना चौदा किलोमीटर, येऊनजाऊन अठ्ठावीस. जादा खेपेला सात लिटर डिझेल, साडेसहाशे रुपये. रात्रीच्या जेवणासकट हजार रुपये अण्णांनी द्यायचे ठरले. तोडणी-वाहतूक कारखाना उसाच्या पैशांतून कापून घेतोच, त्यावर हे हजार. अण्णांना ते जड गेले, हे मी पाहिले. ऊसही गाडीपुरताच तोडायचा, उरलेला उभा ठेवायचा, म्हणजे सुकण्याची भीती नाही.

मुकादम मात्र शेवटपर्यंत नाराज राहिला. "सायेब, चौदा टनांवर माझी मान्सं दुपारीच रिकामी व्हत्यात. त्यांचा आर्धा रोज बुडला, त्यो कुनी द्यायचा?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. उचल घेऊन आलेली माणसे ती. त्यांना रिकामा दिवस म्हणजे फिटायचे कर्ज एक दिवस लांबणे. अण्णांनी वाढी फुकट देऊ केली, ती त्यांच्या बैलांना नव्हेच, ट्रकच्या टोळीला बैल कुठले! शेवटी वहिनींनी पायलीभर ज्वारी दिली. त्या दुपारी बायांनी विहिरीवर धुणी धुतली आणि कित्येक दिवसांनी उन्हात झोप काढली.

दुसरी गाडी १४ टन २०० किलो भरली. निघण्यापूर्वी क्लीनरने मागचे पाचट बाजूला करून परावर्तक पुसला आणि खाली लाल कापड बांधले. मी पुण्याची गाडी धरायला त्याच ट्रकने आष्ट्यापर्यंत गेलो. ओढ्याच्या पुलाशी मामांनी ब्रेकवर पाय ठेवला, गाडी जागच्या जागी उभी राहिली. "बगा," एवढेच म्हणाले आणि पुढे घेतली.