आमचे ‘फायबर’

आमच्या गल्लीत प्लॅस्टिक नावाचा पदार्थच नाही. जीपचा बंपर फायबरचा, मोटारसायकलचे मडगार्ड फायबरचे, ट्रॅक्टरचे बॉनेट फायबरचे, एवढेच काय, दिव्याची काचसुद्धा फायबरची! यवतमाळच्या आर्णी रोडला लागून माझ्या वडिलांचे छोटेसे दुकान आहे. फुटलेले फायबर तेथे सांधून मिळते. मी कला शाखेचा विद्यार्थी, त्यातही मराठीचा. तेव्हा या एका शब्दाने माझ्या डोक्यात घर केले यात नवल नाही. गंमत अशी, की ज्याला आम्ही फायबर म्हणतो त्यातले बहुतेक फायबर नव्हेच. हा नुसता शब्दच्छल समजू नये. नाव चुकले की सांधा निघतो.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलिज जीप जुळवायला घेतली, तेव्हापासून कितीतरी वर्षे जीप म्हणजे पत्रा. चेपला की डेंटरने हातोडी घ्यावी आणि ठोकून सरळ करावा. आता चिखलात, खडकात चालायच्या म्हणून ज्या गाड्या विकल्या जातात, त्यांचेही बंपर, जाळी, चाकांवरच्या काळ्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या असतात. वजनाला हलके, गंज नाही, आणि लहानसहान धक्का बसला तर वाकून पुन्हा जागेवर. सगळे खरे, पण आमच्या काळ्या मातीचा विचार त्यात कुणी केला असेलसे वाटत नाही. पावसाळ्यात घाटंजीकडच्या एखाद्या पांदणीत गाडी फसली की लोक ट्रॅक्टर आणतात आणि साखळी खालच्या हुकाला बांधायची सोडून बंपरलाच बांधतात. ट्रॅक्टर निघतो, बंपर निघतो, गाडी तेथेच! श्रावणात आमच्या दुकानापुढे रांग लागते ती या साखळीच्या कृपेने.

आता सांधायचे कसे? मूळ भेद मेणाचा आणि भाकरीचा. मेण वितळवा, थिजवा, पुन्हा वितळवा, ते मेणच राहते. भाकरी एकदा भाजली की तिचे पुन्हा पीठ होत नाही. खरे फायबर, म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन, हे भाकरीच्या जातीचे. मागून पाहिले तर धाग्यांची जाळी दिसते. ते तापवून जुळत नाही. घासून त्यावर काचेची चटई आणि रेझिनच चढवावे लागते. बाकीचे सारे मेणाच्या जातीचे, पण त्यांतही पोटजाती आहेत आणि एकीचे दुसरीशी जमत नाही. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, रबर मिसळलेला. जाळी आणि मोटारसायकलची बाजूची झाकणे बहुधा एबीएसची. एबीएसचा कीस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवला की त्याचाच लेप होतो आणि चीर भरून येते. पॉलिप्रॉपिलीनला अ‍ॅसिटोन काही करू शकत नाही, गोंदही त्याला धरत नाही. त्याला त्याच्याच जातीची पट्टी वितळवून घालावी लागते.

जात ओळखायची बाबांची रीत म्हणजे आग. मागच्या कडेची बारीक सालपट काढायची, चिमट्यात धरून पेटवायची आणि नाक पुढे करायचे. मेणबत्तीचा वास आला तर पॉलिप्रॉपिलीन. काळी काजळी उडून उग्र, गोडसर वास आला तर एबीएस. केस जळाल्याचा आला तर नायलॉन. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. पण ही परीक्षा चुकलेली मी पाहिली नाही. मात्र गेली काही वर्षे रात्री त्यांचा खोकला थांबत नाही. एबीएस जळताना हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायूही निघतो, हे मी एका मित्राच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात वाचले आणि त्या दिवसापासून आमचे भांडण सुरू झाले.

“वास खोटं नाही बोलत, बाबू.”

“पण धूर खोकला देते ना, बाबा!”

मार्ग निघाला तो बंपर उलटा केल्यावर. आयएसओ ११४६९ नावाचे एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याप्रमाणे प्लॅस्टिकच्या भागावर, दोन बाणाग्रांच्या मध्ये, त्याच्या जातीची आद्याक्षरे उमटवतात. ती असतात आतल्या अंगाला, चिखलाखाली, आणि रोमन लिपीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, म्हणून वाचायचे काम माझ्याकडे आले. पण मी दिवसा कॉलेजात. तेव्हा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी तक्ता काढून दिला. बाबांनी तो पाहिला आणि अक्षरांना आपली नावे ठेवली. पीपी म्हणजे दोन झेंडे. एबीएस तंबूने सुरू होते. झेंडा आणि तंबू शेजारी आले की नायलॉन. झेंडा आणि चंद्रकोर म्हणजे पॉलिकार्बोनेट, दिव्याची काच; ती फुटली तर बाबा गिऱ्हाइकाला सरळ नवी घ्यायला सांगतात.

मागच्या श्रावणात एक काळी-पिवळी आली. बंपर वीतभर चिरलेला, त्यावर कुणीतरी दोन नळ्यांचा गोंद थापलेला, आणि तो पापुद्र्यासारखा निघत होता. नवा बंपर मागवून येईपर्यंत गाडी उभी, आणि गाडी उभी म्हणजे त्या माणसाच्या घरची चूल अडलेली. सालपट पाण्यात टाकली तर बुडाली. पॉलिप्रॉपिलीन तर पाण्यावर तरंगते! पण आत झेंडे दोन होते, आणि पुढे टीडी २० असे लिहिले होते. म्हणजे शेकडा वीस भाग शंखजिऱ्याची पूड. तिच्या वजनाने सालपट बुडाली होती. नुसत्या पाण्यावर विसंबलो असतो तर फसलो असतो. मग बाबांनी साबणाने माती धुतली, गोंद खरवडला, चीर पुढे पळू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक भोक पाडले, चिरेची खाच केली, मागून तारेची जाळी तापवून आत बसवली आणि जुन्या बंपरच्या कापलेल्या पट्टीने खाच भरली. संध्याकाळच्या फेरीला गाडी लागली.

मात्र बाजारात नकली मालही भरपूर. त्यावर झेंडे नाहीत, तंबू नाही. असले तरी खरे कशावरून? अशा वेळी बाबा अजून पेटवतातच. फरक एवढाच, की आता दुकानाबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, सालपट नखाएवढी. माझे समाधान झालेले नाही, पण एवढ्यावर सध्या तह आहे.

पट्ट्यांसाठी दुकानात चार पिशव्या टांगल्या आहेत. त्यांवर मी पीपी, एबीएस अशी नावे लिहिणार होतो. बाबांनी त्याआधीच खडूने लिहून टाकली होती: मेण, काजळ, केस. चौथीत न ओळखलेले तुकडे आहेत. तिच्यावर लिहिले आहे, ‘पाहू’.